सोळा बिऱ्हाडं, एक सोऱ्या

(तृतीय वर्ष, सिव्हिल)

दिवाळीची सुट्टी आठवड्यावर आली की आपल्या होस्टेलची कळाच बदलते. मेसमध्ये पानं कमी होतात, गॅलरीतल्या कपड्यांच्या दोऱ्या रिकाम्या होतात, आणि ज्यांचं सबमिशन अडकलंय ते जिन्यात बसून जर्नल लिहिता लिहिता सरांना मनातल्या मनात... असो! प्रत्येकजण "घरी चाललो" म्हणतो, पण घरं मात्र निराळी. कुणाचं शेतातलं, कुणाचं वाड्यातलं. माझं डोंबिवलीला, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दार उघडलं की समोरच्यांच्या टी.व्ही.वर काय चाललंय ते दिसतं. माझी रूममेट गावाकडची. तिचा दर वर्षीचा प्रश्न, "तुमच्या फ्लॅटात दिवाळी करता तरी कशी गं?" वसुबारसेला आमच्याकडे गाय नसते, हे कबूल. बाकीचं काय असतं ते एकदा लिहूनच टाकते.

आधी एक खुलासा. मी कॉन्व्हेंटची. शाळेत दर ऑक्टोबरात 'माय फेव्हरिट फेस्टिव्हल' हा निबंध यायचा आणि आम्ही साठजणी एकच वाक्य लिहायचो, दिवाळी इज द फेस्टिव्हल ऑफ लाइट्स. त्या निबंधात चकलीचं मोहन कधी आलं नाही, कारीट आलं नाही, हळीव पेरलेला किल्ला आला नाही. त्यांना इंग्रजी शब्दच नव्हते. त्यामुळे माझी दिवाळी सगळी मराठीत राहिली, आणि तीही शाळेत नाही, जिन्यात शिकलेल्या मराठीत. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं.

आमची बिल्डिंग १९८६ची. तळमजला अधिक तीन, एका मजल्यावर चार, म्हणजे सोळा बिऱ्हाडं. आमच्यात आडनावं फार वापरत नाहीत, नंबर वापरतात. सात नंबरच्या आजी, बारा नंबरचे काका, तीन नंबरची आंटी. बिल्डिंगच्या मालकीच्या वस्तू तीन: पाण्याचा पंप, एक प्रचंड कढई आणि पितळी सोऱ्या. पंप सोसायटीच्या रेकॉर्डमध्ये आहे. कढई आणि सोऱ्या कुठेच नाहीत, तरी दिवाळीच्या आधी ते कुठल्या दिवशी कुणाकडे हे प्रत्येकीला तोंडपाठ. घरोघरी स्वतःचा सोऱ्या आहे हो, पण तो ॲल्युमिनियमचा. पितळीच्या चकत्या जाड, दाब सारखा बसतो, काटा सुरेख येतो. सात नंबरच्या आजींनी तो लग्नात आणलेला, आणि १९८६ साली पहिल्या दिवाळीला जो शेजारी दिला तो परत मागितलाच नाही.

चकल्या सगळ्यांच्या आजींच्या देखरेखीखाली. चार वाट्या तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक मुगाची, अर्धी उडदाची, धने, जिरे, सगळं वेगवेगळं भाजून मग दळायचं. मोहन जास्त झालं तर चकली तेलात फसफसून विरघळते, कमी झालं तर दगड. आपल्याला लॅबमध्ये वॉटर-सिमेंट रेशो शिकवतात ना, तेव्हा सगळा वर्ग मान डोलावत होता आणि मला एकटीला हसू येत होतं. आजी पीठ चिमटीत धरून सांगतात. स्लम्प टेस्ट वगैरे काही नाही.

कंदील बारा नंबरचे काका करतात. एम.आय.डी.सी.तल्या कंपनीतून आले की रात्री जेवून जिन्यातल्या दिव्याखाली बसतात, बांबूच्या काड्या, दोरा, खळ आणि पतंगाचा कागद. सोळाच्या सोळा एका मापाचे. कुणाचा मोठा नाही, कुणाचा चायनीज नाही. (एका वर्षी पंधरा नंबरने बाजारातून झगमग फिरणारा आणला होता. कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच उतरवला!)

आणि किल्ला. मागच्या बाजूला कंपाउंडच्या भिंतीशी दहा बाय बाराची मातीची जागा आहे, आंब्याच्या झाडाखाली. विटा, दगड, त्यावर चिखलात बुडवलेलं पोतं, आणि आठ-दहा दिवस आधी पेरलेले हळीव. दिवाळीपर्यंत तटाखाली हिरवंगार जंगल. महाराज सिंहासनावर, मावळे बुरुजावर, आणि मावळ्यांच्या मापात न बसणारी एक प्लॅस्टिकची जीप, कारण कुठल्या तरी छोट्याला ती ठेवायचीच असते. दुसरीपासून दहावीपर्यंत मी त्या किल्ल्यावर राबले आहे. सिव्हिलला का आलीस, असं ॲडमिशनच्या वेळी विचारलं तेव्हा मी स्कोप वगैरे सांगितलं. खरं कारण ते पोतं.

नरक चतुर्दशीला पहाटे चारला पाणी तापतं. उटणं, तेल, अंगठ्याखाली कारीट, पहिला फटाका कुणाचा ह्यावरून मारामारी, आणि साडेसहा-सातला सगळी बिल्डिंग नवीन कपड्यांत गणपतीच्या देवळाकडे. तिथून फडके रोड! ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगणं कठीण आहे. स्टेशनपासून देवळापर्यंतचा हा रस्ता एरवी रिक्षा आणि भाजीच्या पिशव्यांनी भरलेला असतो. त्या सकाळी पाय ठेवायला जागा नसते, पण कुणाला काही विकत घ्यायचं नसतं. नुसतं भेटायचं. शाळा सुटल्यावर पांगलेले, लग्न होऊन ठाण्याला गेलेल्या, नोकरीला बंगलोरला असलेले, सगळे न ठरवता येतात, कारण इथे यायचं असतं हे ठरलेलंच असतं. ना निमंत्रण, ना प्रमुख पाहुणे. आपल्या गॅदरिंगला एवढ्या कमिट्या करून जे जमत नाही ते इथे एकही मीटिंग न घेता होतं. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रासुद्धा डोंबिवलीतच सुरू झाली, १९९९ साली, गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने. ठाणे-गिरगावच्या यात्रा त्यानंतरच्या. हे आम्ही डोंबिवलीकर समोरच्याने विचारलं नसलं तरी सांगतो.

मला वाटतं ह्याचं कारण लोकल आहे. आमचे बाबा सकाळी सातच्या आत घर सोडतात, रात्री साडेआठला येतात. वर्षभर शेजारी एकमेकांना भेटतात ते जिन्यात, चप्पल घालता घालता. तुमच्या गावी रोज पारावर बसता येतं, आमच्याकडे ते सगळं चार दिवसांत उरकायचं असतं. म्हणून एवढी झुंबड!

तीन नंबरची आंटी गोव्याची, कॅथलिक. तिला आमच्याकडून करंज्या जातात आणि ताट रिकामं परत करायचं नाही हा नियम तिच्याकडेही आहे. फक्त ती हिशोब डिसेंबरात पुरा करते. नाताळला तिच्या नेवऱ्या येतात. नेवरी म्हणजे करंजीच की! कडेची मुरड वेगळी एवढंच. बरोबर कुलकुल, शंखासारखे, फणीवर वळलेले. मोठ्या कढईत तिच्याच घरात आम्ही सगळ्या वळत बसतो. शाळेत आमच्या सिस्टर गव्हाण सजवायच्या तेव्हा गवत म्हणून काय घालायचं हा प्रश्न मी तिसरीत सोडवला होता. हळीव.

आता मूळ गोष्ट. २०२५ची दिवाळी आमच्या बिल्डिंगची शेवटची होती.

तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. आमचं पावसाळ्याआधी झालं आणि मी सुट्टीवर असल्यामुळे ऑडिटरच्या मागे मागे फिरले. तळमजल्याच्या कॉलमचा थोडा कवच फोडून त्यांनी ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन मारलं. केमिस्ट्री लॅबमधलं तेच. काँक्रीट निरोगी असेल तर अल्कलाइन असतं आणि गर्द गुलाबी होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरला की ती अल्कलिनिटी जाते, रंग येत नाही, आणि आतल्या सळईचं संरक्षण संपतं. मग सळई गंजते, गंज फुगतो आणि प्लॅस्टरसकट काँक्रीट ढलप्यांनी सुटतं. कॉलम राखाडीच राहिला. दुसरा फोडला, तोही. सळईपर्यंत कुठेच गुलाबी नाही. सगळे मला विचारत होते, "काय गं, पास का नापास?"

रिपोर्ट आला, मीटिंगा झाल्या, बिल्डर ठरला. ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयापासून पुनर्विकासाला ५१ टक्के संमती पुरते, पण सेक्रेटरी काकांना सोळापैकी सोळा सह्या हव्या होत्या. पंधरा झाल्या. राहिली सात नंबरची.

आजी कुणाशी भांडल्या नाहीत. "दिवाळी होऊ दे, मग बघू," एवढंच म्हणायच्या. लोक म्हणायला लागले की म्हातारी जास्त पैशांसाठी अडून बसलीय. हे मला फोनवर कळलं तेव्हा मेसचा घास गिळेना. कारण अडण्याचं गणित अगदी साधं होतं. नवी बिल्डिंग व्हायला तीन वर्षं तरी लागणार, आणि आजी ८१ वर्षांच्या. भाड्याचं घर त्यांच्या मुलाने बदलापूरला पाहिलं होतं.

२० ऑक्टोबरला, सोमवारी, फडके रोडवरून आल्यावर त्यांनी मला हाक मारली. फराळाचं ताट पुढे ठेवलं आणि दार लोटून घेतलं. आमच्या बिल्डिंगमध्ये दार लोटणं म्हणजे गंभीर.

"तू शिकतेस ना हे? मला खरं सांग. पडेल का ही, की बिल्डरचं काढलेलं आहे?"

"आजी, कधी पडेल ते कुणी सांगू शकत नाही. पण सळ्या गंजल्यात. मी स्वतः बघितलंय."

"दुरुस्ती?"

"वरून प्लॅस्टर करता येईल. आतला गंज थांबणार नाही. तळमजल्याचे सगळेच कॉलम तसे आहेत."

त्या बराच वेळ सोऱ्याची चकती पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "मागे किल्ल्यावर पोरं बसतात, ती भिंतीला टेकून." मी म्हटलं, हो. "मग झालं तर."

भाऊबीज झाली आणि २४ तारखेला त्यांनी सही केली. माझ्यासमोर. सेक्रेटरी काकांनी पेढे आणले होते, ते कुणी लगेच उचलले नाहीत. मला त्या दिवशी आपल्या अभ्यासाचा राग आला, हे इथे लिहायला हरकत नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा मी शिकलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडलं होतं, आणि ते असं.

मेअखेर घरं रिकामी करायची आहेत. कुणी ठाकुर्लीला, कुणी बदलापूरला, दोघं पुण्याला, आम्ही स्टेशनच्या पश्चिमेला. बारा नंबरच्या काकांनी सोळा कंदिलांचे सांगाडे आत्ताच करून प्रत्येकाला वाटले. कागद ज्याचा त्याने चिकटवायचा. कढई तीन नंबरच्या आंटीकडे, तिचं भाड्याचं घर समोरच्याच गल्लीत आहे आणि तिला ती डिसेंबरात लागतेच. सोऱ्यावर मात्र बराच खल झाला. आजींकडेच राहावा असं सगळ्यांचं मत, पण आजींनी ऐकलं नाही. "बदलापूरला कोण येतंय माझ्याकडे चकल्या पाडायला," म्हणाल्या आणि तो आईच्या हातात दिला. आईने त्याच क्षणी जाहीर केलं की पुढच्या धनत्रयोदशीच्या आधीच्या रविवारी पीठ घेऊन सगळ्यांनी आमच्याकडे, आणि आजींना आणायला मी बदलापूरला जाणार. (मला कुणी विचारलं नाही. पी.एल. असली तरी जाणार.)

नव्या बिल्डिंगचा प्लॅन मी तीनदा बघितला. तळाला पार्किंग, वर पोडियम, त्यावर क्लब हाउस आणि लॉन. सगळं सुबक, माती कुठेच नाही. लॉनखाली मातीचा पातळ थर आहे, त्यात किल्ला होत नाही. आर्किटेक्ट मीटिंगला आले तेव्हा मी हात वर केला आणि दहा बाय बाराची जागा मागितली, दीड फूट मातीची. ते हसले, म्हणाले, पोडियमच्या स्लॅबवर लोड येईल. मी गणित करूनच गेले होते. ओली माती घनमीटरला साधारण १८ किलोन्यूटन धरली तर दीड फुटाला चौरस मीटरमागे सव्वाआठ. डिझाइन आत्ता चालू आहे तोवर एवढं धरणं काही अवघड नाही, आणि किल्ल्याचं पोतं, विटा, महाराज सगळे धरून दहा धरा, म्हटलं. ते थोडं थांबले आणि डायरीत काहीतरी लिहिलं. मागून सात नंबरच्या आजी म्हणाल्या, "तोंडी नको, करारात घाला."

करारात ते अजून आलेलं नाही. पुढची मीटिंग आमच्या ओरल्सच्या आदल्या दिवशी आहे.