काका, पॅनकार्डची झेरॉक्स द्याल?

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये टॅक्सचा विषय निघाला, की दोन प्रकारची माणसं सापडतात. पहिली, 'फॉर्म सोळा आला, रिटर्न भरलं, विषय संपला' म्हणणारी. दुसरी, कुणाच्या तरी मामेसासऱ्यांकडे पडलेल्या धाडीची गोष्ट दरवेळी नवा मसाला घालून सांगणारी. या दोघांच्या मध्ये एक तिसरा प्रकार असतो आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. स्क्रूटिनी! मराठीत छाननी. यात दारात गाड्या येत नाहीत, कपाटं उघडली जात नाहीत. आपण भरलेल्या रिटर्नवर सरकार प्रश्न विचारतं आणि आपण उत्तरं द्यायची, बस्स. पण ते प्रश्न मेलबॉक्समध्ये येऊन पडतात ना, तेव्हा पोटात गोळा येतोच.

माझ्या मेलबॉक्समध्ये ते जून २०२५ मध्ये आले. कलम १४३(२) ची नोटीस. मी फ्रीलान्स पत्रकार. लेखाच्या मानधनातून दहा टक्के टीडीएस कापून उरलेले पैसे कधी येतात याची वाट बघणारी बाई. माझ्याकडे असं काय घबाड होतं?

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपण ज्याला सरसकट 'टॅक्स ऑडिट' म्हणतो, ते आपल्याकडे भलतंच असतं. कलम ४४एबी खालचं टॅक्स ऑडिट म्हणजे आपणच सीएकडून करून घ्यायची हिशेबतपासणी. डॉक्टर, आर्किटेक्ट अशा व्यावसायिकाची वर्षाची जमा ५० लाखांच्या वर गेली किंवा धंद्याची उलाढाल एक कोटीच्या वर गेली (रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर दहा कोटी) की ते करावं लागतं. पगारदारांचा त्याच्याशी संबंध नाही. आपल्याला धडकी भरवते ती छाननी, १४३(२) ची. आणि दरवर्षी येणारा १४३(१) चा मेसेज म्हणजे तर नुसतं कॉम्प्युटरने बेरीज-वजाबाकी जुळवून पाठवलेलं पत्र. तो बघून घाबरू नका, पण न वाचता डिलीटही करू नका.

(ही कलमं १९६१ च्या कायद्यातली. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यात कलमांचे नंबर बदललेत. पण त्याआधीच्या वर्षांची छाननी जुन्याच कायद्याने होते.)

पहिलं काम केलं ते नोटीस खरी आहे का हे तपासायचं. ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा स्वतःचा नंबर असतो. तो ई-फायलिंग पोर्टलवर टाकला की पत्र अस्सल आहे की कुणा भामट्याचं, ते लॉगिन न करताही कळतं. माझं अस्सल निघालं. मग कॉलेजच्या सीए मैत्रिणीला फोन लावला.

"अगं, रडतेस काय? तुझा एआयएस उघड आधी," ती म्हणाली.

एआयएस म्हणजे अ‍ॅन्युअल इन्फर्मेशन स्टेटमेंट. नोव्हेंबर २०२१ पासून पोर्टलवर आहे. बँका, म्युच्युअल फंड, रजिस्ट्रार ऑफिस आपल्याबद्दल जे जे कळवतात, ते तिथे दिसतं. वर्षभरात सेव्हिंग खात्यांत दहा लाख किंवा जास्त रोख भरली, तीस लाख किंवा जास्तीच्या घराचा व्यवहार केला, दहा लाख किंवा जास्तीची एफडी केली, की संबंधित संस्था ते कळवतेच. आणि क्रेडिट कार्डाचं बिल वर्षभरात दहा लाखांवर गेलं तरीही!

माझ्या एआयएसमध्ये तीच ओळ होती. २०२३-२४ मध्ये क्रेडिट कार्डाचे भरलेले पैसे, ११ लाख ६० हजार. त्याच वर्षाच्या रिटर्नमध्ये माझं उत्पन्न, ६ लाख २० हजार. कॉम्प्युटरच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं, 'बाई गं, आणलेस कुठून?'

आणले कुठून, ते मला तोंडपाठ होतं. जून २०२३ मध्ये बाबांची बायपास झाली. नंतर इन्फेक्शन, मग पुन्हा आयसीयू. बिल १४ लाख ६० हजार. बाबांच्या मेडिक्लेमने तीन लाख दिले. बाकी दर दोन-तीन दिवसांनी बिलिंगच्या खिडकीवर भरत गेले आणि माझ्या पर्समध्ये कार्ड होतं. कार्ड भरलं, की कुणाचे तरी पैसे माझ्या खात्यावर यायचे, त्यातून कार्ड रिकामं करायचं, पुन्हा स्वाइप. बाबा घरी आले, आम्ही पेढे वाटले. तो हिशेब तिथेच मिटला, असं आम्हाला वाटलं होतं.

सप्टेंबरमध्ये १४२(१) ची प्रश्नावली आली. सगळ्या खात्यांची स्टेटमेंट्स, कार्डाची स्टेटमेंट्स, आणि ज्यांनी पैसे दिले त्या प्रत्येकाचं नाव, पॅन, नातं, त्यांचं लेखी पत्र आणि त्यांच्याकडे पैसे आले कुठून त्याचा पुरावा. मैत्रिणीने सोपं करून सांगितलं, "तीन गोष्टी सिद्ध करायच्या. देणारा माणूस कोण, त्याची तेवढी ऐपत होती का आणि व्यवहार खरंच झाला का." ते जमलं नाही तर? खर्चाचा स्रोत सांगता आला नाही, की ती रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते आणि २०२३-२४ च्या नियमाने त्यावर ६० टक्के कर, वर अधिभार आणि सेस, एकूण ७८ टक्के. ११ लाख ६० हजारांवर नऊ लाखांहून जास्त! म्हणजे आणखी एक बायपास, यावेळी माझी.

मी कागदावर नावं लिहिली. बाबांची मोडलेली एफडी, चार लाख. कराडजवळच्या गावचे काका, अडीच लाख. आत्या, दीड लाख. चुलतभाऊ, दोन लाख. माझी शिल्लक, एक लाख साठ हजार. बेरीज जुळली. प्रश्न वेगळाच होता. ज्या काकांनी फोनवर "किती पाठवू?" एवढंच विचारलं होतं, त्यांच्याकडे पासबुकाची झेरॉक्स कुठल्या तोंडाने मागायची?

फोनवर बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून गावी गेले. चहा झाला, पिकापाण्याच्या गप्पा झाल्या, तरी माझं तोंड उघडेना. शेवटी काकूच म्हणाली, "कामाचं बोल की गं." मी सांगितलं. काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सख्ख्या भावाला पैसे दिले त्याचा पण दाखला लागतो होय आता?" उठले, लोखंडी कपाट उघडलं, पासबुक काढलं. "हे घे. चोरी केलीय का आपण?"

काका शेतकरी. शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही, म्हणून त्यांचं रिटर्नही नाही. मग ऐपत दाखवायची कशी? सातबारा आणि साखर कारखान्याचं ऊसबिल! पासबुकात कारखान्याचे पैसे जमा झाल्याची ओळ होती आणि त्याखाली तीन आठवड्यांनी माझ्या खात्यावर गेलेले अडीच लाख. पंधरा-वीस वर्षांचे सातबारे त्यांनी नीट फाइल करून ठेवलेत. आपण मात्र सहा महिन्यांपूर्वीचं मेडिकलचं बिल शोधू शकत नाही!

खरी मेख मात्र दादाच्या, म्हणजे चुलतभावाच्या पैशांत होती. जवळच्या नातेवाइकांनी दिलेली भेट कितीही मोठी असो, घेणाऱ्याला कर नाही. आई-वडील, सख्खी भावंडं, काका, मामा, आत्या, मावशी हे सगळे कायद्याच्या यादीत आहेत. चुलत, मावस, मामे भावंडं नाहीत! आपण ज्याला राखी बांधतो, तो कायद्याच्या दृष्टीने परका. आणि परक्यांकडून वर्षभरात एकूण ५० हजारांच्या वर भेट घेतली, की सगळी रक्कम करपात्र. दादाचे दोन लाख भेट ठरले असते तर माझ्या उत्पन्नात जमा झाले असते.

पण ते हातउसने होते. दादा तेव्हा "परत कसले करतेस?" म्हणून चिडला होता. मी जानेवारी २०२४ पासून दरमहा पाच हजार त्याच्या खात्यावर टाकत होते. नोटीस आली तोवर १८ हप्ते गेले होते आणि प्रत्येक हप्ता स्टेटमेंटमध्ये दिसत होता. भावासमोर जपलेला स्वाभिमान असा पुरावा म्हणून कामी येईल, हे काही मला ठाऊक नव्हतं.

सगळे कागद पीडीएफ करून पोर्टलवर चढवले. २०२१ पासून बहुतेक छाननी फेसलेस झाली आहे. अधिकारी कोण, कुठल्या शहरात बसलाय, कळत नाही. मुंबईत महर्षी कर्वे रोडवरच्या आयकर भवनात हेलपाटे घालायचे, ते दिवस गेले. मुदत कमी पडली तर पोर्टलवरच वाढवून मागता येते, मी एकदा मागितली. एक गोष्ट मात्र कधी करू नका, ती म्हणजे गप्प बसणं. उत्तर दिलं नाही, तर अधिकारी हाती असलेल्या माहितीवर स्वतःच उत्पन्न ठरवतो.

मग छाननी टाळायची कशी? 'हमखास' असा उपाय नाही. पण खोडी आपण काढायची नाही, एवढं हातात आहे. रिटर्न भरण्याआधी एआयएस आणि २६एएस समोर ठेवा. जुन्या कंपनीचा पगार, एफडीचं व्याज, शेअर विकून झालेला नफा, सगळं त्यात दिसतं. चूक दिसली तर तिथेच हरकत नोंदवा. आयटीवाल्यांनो, परदेशी कंपनीचे शेअर मिळाले असतील तर ते रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या रकान्यात लिहा. घरभाडं वर्षाला लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो, तेव्हा खोट्या भाडेपावत्या विसरा. 'जादा रिफंड मिळवून देतो' म्हणणाऱ्या एजंटला लांबूनच नमस्कार करा. जुलै २०२५ मध्ये खोट्या वजावटींच्या मागे लागून खात्याने देशभर १५० ठिकाणी तपासणी केली होती. दडवलेलं उत्पन्न चुकीच्या माहितीचं ठरलं, तर दंड त्यावरच्या कराच्या दुप्पट असतो. काही राहून गेलं असेल तर, नोटीस यायच्या आत, अपडेटेड रिटर्नची सोय आहे. त्यात जादा कर भरावा लागतो, पण झोप लागते. आणि हो, कागद निदान सहा वर्षं टाकू नका.

डिसेंबर २०२५ मध्ये ऑर्डर आली. दाखवलेलं उत्पन्न मान्य, जादा कर शून्य.

बाबांना आम्ही तोवर आकडे सांगितले नव्हते. डॉक्टरांनी टेन्शन देऊ नका म्हटलं होतं. ऑर्डर आल्यावर त्यांनी स्वतःच फाइल मागितली आणि चष्मा लावून सगळी वाचली. काकांचं पत्र, आत्याचं पत्र, दादाचे हप्ते. एका वाक्याच्या त्या पत्रांवर तारीख, रक्कम, सही, एवढंच. दुपारी त्यांनी काकांना फोन लावला. काय बोलले माहीत नाही, दार लोटलेलं होतं. बराच वेळ बोलत होते.

दादाचे हप्ते एप्रिल २०२७ ला संपतील. पैसे पाठवताना रिमार्कच्या रकान्यात मी आता नेमाने लिहिते, 'हातउसने परतफेड'. तुम्हीही लिहीत जा. दहा सेकंद लागतात.