झोंपेची उधारी

वार्षिक परीक्षा जवळ आली, कीं पालक मोठ्या अभिमानानें सांगतात, "सर, आमचा मुलगा रात्रीं एक-एक वाजेपर्यंत वाचीत बसतो." मी त्या मुलाच्या डोळ्यांकडे पाहतों आणि मला चिंता वाटूं लागते. (तो वाचतो कीं मोबाइल पाहतो, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवूं.)

जागरणाचें ऋण दुसऱ्या दिवशींच्या जांभयांनीं फिटतें, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाहीं. शिकागो विद्यापीठांतील संशोधकांनीं ११ निरोगी तरुणांस लागोपाठ ६ रात्रीं केवळ ४ तासच अंथरुणावर राहूं दिलें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, कीं तेवढ्यानेंच रक्तांतील साखरेचा निचरा करण्याची त्यांची शक्ति मंदावली. जे फेरफार वार्धक्यांत व्हावयाचे, तसे ते तरुण शरीरांत दिसूं लागले!

हें ६ रात्रींचें झालें. निरोगी मनुष्याचा रक्तदाब झोंपेंत साधारण १० ते २० टक्क्यांनीं उतरतो. हृदयास ती रोजची रजाच होय. ही रजा वर्षानुवर्षें बुडाली, म्हणजे रक्तदाब दिवसाहि चढा राहण्याचा आणि पुढें हृदयविकार व पक्षाघात जडण्याचा संभव वाढतो.

माझे वडील सोलापुरास एका गिरणींत कित्येक वर्षें रातपाळी करीत. सकाळीं ते निजले, कीं आई आम्हां भावंडांस बाहेर पिटाळी. पण पत्र्याच्या खोलींत, भर उन्हाळ्यांत, त्यांस झोंप ती कसली लागणार! पन्नाशीच्या आंतच त्यांस मधुमेहानें गांठलें, मागून रक्तदाबानें. एका माणसावरून सिद्धांत बांधूं नये, हें मीच वर्गांत शिकवितों. परंतु रातपाळीच्या कामगारांच्या मोठमोठ्या पाहण्यांतूनहि हाच संबंध आढळला आहे, हें वाचलें, तेव्हां त्यांच्या त्या तांबारलेल्या डोळ्यांचा अर्थ मला लागला. त्यांच्यापुढें आमच्या पोटाचा प्रश्न होता. माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांपुढें तो नाहीं. आणि दिवसा वाचलेलें मनांत मुरतें तें बरेंचसें झोंपेंतच.

१३ ते १८ वर्षांच्या मुलांस रोज ८ ते १० तास झोंप हवी, असें अमेरिकेंतील निद्रावैद्यांच्या संस्थेनें २०१६ सालीं सांगितलें. सात वाजतां भरणाऱ्या शाळेसाठीं साडेपांचला उठावयाचें, तर साडेनऊला दिवा मालवला पाहिजे. क्लास आठला सुटतो, जेवणास नऊ वाजतात, हें मी जाणतों. तरी पालकांनीं रागावूं नये. यंदाच्या पालकसभेंत गुणांच्या आधीं मी मुलाची निजण्याची वेळ विचारणार आहें.