दादांची वही

किनवटला पावसाळ्यात अंधार लवकर पडतो. पैनगंगेवरून ढग येतात, सागाचे रान काळे होते आणि मग विजेचा भरवसा राहत नाही. अशाच एका संध्याकाळी शेजारची मुलगी माझ्या ओसरीवर येऊन उभी राहिली. मी हिला चौथीपर्यंत शिकवले. आता ती बारावी उत्तीर्ण होऊन परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला लागली आहे. शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जाला तीन दिवस उरले होते. घरात मोबाईल एकच, आणि तो वडील सकाळी कामावर नेतात. गावातल्या केंद्रात दोन दिवस रांगेत उभी राहून ती परत आली होती.

"बाई, तुमच्याकडे दादांचा लॅपटॉप आहे ना?"

होता. माझे थोरले बंधू २०२४च्या जुलैत गेले. त्यांच्या सामानातून मी दोनच वस्तू मागून घेतल्या होत्या : तो लहानसा लॅपटॉप आणि त्याच्यासोबतची निळ्या पुठ्ठ्याची वही. लॅपटॉप २००९ साली घेतलेला. त्याची स्मृती अवघी १ जीबी. नांदेडच्या एका दुकानदाराने तो हातातही न घेता "भंगारात द्या" असे मला सांगितले होते. दादांनी मात्र त्यात लिनक्स घालून तो अखेरपर्यंत चालवला. हेलसिंकीतील एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली कोणीही फुकट घ्यावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी, याचे दादांना फार अप्रूप होते. जेवताना ते त्यावर बोलू लागले की मी भाताचे भांडे पुढे सरकवून विषय बदलत असे. आज ते आठवले की बरे वाटत नाही.

लॅपटॉप सुरू झाला. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख दिसली : ९ जुलै २०२४. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की यंत्राला काळाचे भान राहत नाही, आणि लिनक्स मग आपण शेवटी केव्हा चालू होतो ती नोंद पाहून तिथून पुढे मोजू लागते, हे मला नंतर कळले. त्या क्षणी एवढेच उमगले, की या दिवशी दादा त्याच्यासमोर बसले होते. मी काही बोलले नाही. तीही बोलली नाही.

माझ्या घरी दिवाळीत पुतण्याने फायबरची जोडणी घेऊन दिली होती; पण लॅपटॉपची तारेची खाच मोडलेली, आणि वायरलेस चालत नव्हते. नेटवर्कच्या यादीत एकही नाव येईना. आधी वाटले, कळ बंद असेल. मुलीने वहीत पाहून आज्ञा टाइप केली. उत्तर आले, कुठेही अडथळा नाही. दुसऱ्या आज्ञेने चिप ओळखली गेल्याचे दिसले. म्हणजे यंत्र धड होते, तरी मुके होते. मग तिने यंत्राचा आतला रोजनामा उघडला. त्यात लाल अक्षरांत एक ओळ वारंवार येत होती : फर्मवेअरची फाईल सापडत नाही.

हे प्रकरण मुळातून समजून घेण्यासारखे आहे. या चिपच्या निर्मात्याने तिची माहिती खुली केली नव्हती. तेव्हा स्वयंसेवकांच्या एका गटाने मूळ ड्रायव्हर तपासून त्याचे वर्तन नुसते शब्दांत लिहून काढले, आणि दुसऱ्या गटाने, मूळ न पाहता, त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. नक्कल केल्याचा आरोप येऊ नये म्हणून ही दोन दालने वेगळी ठेवलेली. २००६ साली तो ड्रायव्हर लिनक्समध्ये आला. मात्र चिपच्या आत जाऊन बसणारे फर्मवेअर निर्मात्याचेच. ते इतरांनी वाटण्याची परवानगी नाही. २०२३पासून डेबियनच्या अधिकृत चकतीत पुष्कळ फर्मवेअर येऊ लागले, पण हे नाही. ते प्रत्येकाने स्वतः इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे. म्हणजे इंटरनेट मिळवण्यासाठी इंटरनेट हवे. विहिरीतला पोहरा काढायला दोर हवा, आणि दोर पोहऱ्यालाच बांधलेला!

मी वही चाळू लागले. शेवटून तिसऱ्या पानावर दादांचे तिरके अक्षर : "वायरलेस – फर्मवेअर लागते. नेट असताना घेऊन ठेवणे." खाली काहीच नाही. त्यांच्या घरी तार होती. निकड पडली नाही, राहून गेले.

रात्री नऊच्या सुमारास मुलीचे वडील कामावरून आले. ओल्या अंगानेच त्यांनी मोबाईल पुढे केला. चार्जिंगची तार लॅपटॉपला जोडून मोबाईलचे इंटरनेट तारेतून देता येते, हे तिला ठाऊक होते. जोडणी झाली आणि कोपऱ्यातली तारीख डोळ्यांदेखत पालटली. जुलै २०२४ गेला आणि आजचा दिवस आला. माझ्या पोटात उगाच तुटले.

पुढचे काम सोपे असायला हवे होते, पण पॅकेजच्या यादीत एक शब्द भरताना मी एक अक्षर गाळले आणि अर्धा तास आम्ही दोघी चुकीच्या ठिकाणी दोष शोधत बसलो. चूक तिला सापडली. चौथीत शुद्धलेखनाला मी तिला कितीदा पाच-पाच वेळा लिहायला लावले असेल! फर्मवेअर उतरले, ड्रायव्हर एकदा काढून पुन्हा चढवला. कडेचा निळा दिवा लागला. यादीत पहिले नाव माझ्या घराचे होते, दुसरे समोरच्या किराणा दुकानाचे. २.४ गीगाहर्ट्झच्या या लहरी २००५ सालापासून आपल्या देशात परवान्याविना वापरता येतात. त्या एवढे दिवस माझ्या ओसरीतून जात होत्या आणि या यंत्राला त्याचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात वीज गेली. वडिलांनी मोबाईलचा दिवा धरला, आणि पावणेअकराला वीज आल्यावर अर्ज भरायला बसलो. जातीचा दाखला ठरवलेल्या आकारात बसेना, तो दोनदा लहान करावा लागला. पावतीचा क्रमांक पडद्यावर आला तेव्हा बारा वाजून गेले होते.

सकाळी वही उचलली तर दादांच्या त्या ओळीखाली मुलीने पेन्सिलीने कालची तारीख घातली होती आणि पुढे लिहिले होते : "घेतले."