चलो मौदा... पॉवर बँक घेऊन!
वीकेण्डला कुठे? नागपूरच्या आयटीवाल्यांना विचारलं की उत्तरं ठरलेली... रामटेक, खिंडसी, नाहीतर फुटाळा. मौद्याचं नाव कुणी घेत नाही. भंडारा रोडवर जेमतेम ३५ किलोमीटर, कन्हानकाठचं हे तालुक्याचं गाव बहुतेकांना ठाऊक आहे ते एनटीपीसीच्या उंच चिमण्यांमुळे. पण बॉस, तुम्ही अँड्रॉइड अ‍ॅप बनवत असाल तर एकदा जाच. तेही खरिपात, थेट धानाच्या धुऱ्यावर.

कारण तिथे ई-पीक पाहणी आहे. राज्यभर हे अ‍ॅप आलं १५ ऑगस्ट २०२१ ला. शेतकऱ्याने शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, तो जीपीएससकट पाठवायचा, की पिकाची नोंद सातबाऱ्यावर. मुदत हुकली तर हमीभावाने धान विकताना किंवा नुकसानभरपाई मागताना पंचाईत. आपलं अ‍ॅप अडकलं तर पिझ्झा उशिरा येतो, इथे वर्षाची कमाई अडकू शकते.

माझा एक मित्र मिहानमध्ये नोकरी करतो आणि फावल्या वेळात शेतीखर्चाच्या वहीचं अ‍ॅप बनवतोय. मागच्या पावसाळ्यात त्याला ओढतच नेलं. साहेबांकडे सगळं लेटेस्ट! कोटलिन, जेटपॅक कंपोज, अँड्रॉइड स्टुडिओत कोड सुचवणारा जेमिनी. एम्युलेटरवर तो सिग्नल कमी करून बघतो, हवं ते लोकेशनही देतो. सोय मस्तच, पण एम्युलेटरला ऊन लागत नाही ना! धुऱ्यावर उघडीप मिळाली आणि त्याची ती स्टायलिश फिकट राखाडी अक्षरं गायब. चिखलाने ओला अंगठा बटणाला कळेना. ज्यांच्या फोनवर टाकून बघितलं, त्यांची मेमरी लग्नाच्या व्हिडिओंनी फुल्ल!

तिथेच बसून त्याने कामं काढली. नोंद आधी फोनमध्येच, रूम डेटाबेसमध्ये साठवायची. पाठवायचं काम वर्कमॅनेजरकडे, 'नेटवर्क असेल तेव्हाच' ही अट घालून. फोन बंद करून पुन्हा सुरू केला तरी तो काम विसरत नाही. फोटो लहान करून पाठवायचा. आणि 'फोनमध्ये सेव्ह झालं, अजून पोहोचलं नाही' हे सरळ मराठीत लिहायचं. मला विचाराल तर हेच सगळ्यात मोठं फीचर.

आणखी एक भानगड. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं पर्सनल अकाउंट असेल, तर प्ले स्टोअरवर अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी क्लोज्ड टेस्ट करावी लागते. आधी २० टेस्टर लागायचे, डिसेंबर २०२४ पासून १२, तेही सलग १४ दिवस. मित्राचे बाराही जण एकाच कॅन्टीनमधले, महागड्या फोनवाले! म्हणून मौद्यातल्या चहाच्या टपरीवर त्याने तिघांचे जीमेल आयडी घेतले. त्यातल्या एका काकांनी विचारलं, "भाऊ, हे महिन्याला डेटा किती खाते?"

साहेब लॅपटॉप उघडून अजून मोजतायत.