चूक की चोरी?

आमच्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांत पावत्या तारेला ओवून ठेवण्याची रीत होती. वीजबिल, घरपट्टी, शाळेची फी, रेल्वेच्या मालवाहतुकीची रसीद, सारे काही त्या वाकड्या तारेला वर्षानुवर्षे लटकलेले असे. कोणी विचारलेच तर दाखविता यावे, एवढाच त्यामागील हेतू. प्रत्यक्षात कोणी विचारीत नसे. पण न विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर तयार ठेवणारी ती पिढी होती. आता त्याच घरांतील नातवंडे इंग्लंड-अमेरिकेत शिकत आहेत. त्यांची पावती फोनमध्ये असते, तिकीट फोनमध्ये असते, सवलतीचे कार्डही फोनमध्येच असते. तार गेली, मात्र विचारणारे अद्याप आहेत, आणि ते पूर्वीपेक्षा अधिक कडकपणे विचारतात. हा अनुभव आमच्या कुटुंबास नुकताच आला. तो वाचकांपैकी अनेकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडीत आहे.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी इंग्लंडमध्ये उच्च शिक्षण घेत आहे. तेथे सोळा ते पंचवीस वर्षे वयाच्या तरुणांसाठी एक रेल्वे सवलत-कार्ड मिळते. ते असले की बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. २०२५ च्या ऑक्टोबरात एके दिवशी ती १३ पौंड ८० पेन्सचे तिकीट सवलतीने ९ पौंड २० पेन्सना काढून निघाली. तपासनिसाने कार्ड मागितले, तेव्हा त्याची मुदत चार दिवसांपूर्वी संपल्याचे उघड झाले. तिने त्याच क्षणी उरलेले पैसे देऊ केले. त्याने ते घेतले नाहीत. नाव, पत्ता आणि तिचे म्हणणे लिहून घेतले व ‘कंपनीकडून पत्र येईल’ एवढे सांगून तो पुढे गेला. तीन आठवड्यांनी पत्र आले. भाडे चुकविल्याबद्दल आपल्यावर खटला भरण्याचा विचार चालू आहे, आपले म्हणणे चौदा दिवसांत लेखी कळवावे, असा त्याचा मथितार्थ होता. रक्कम चार पौंड साठ पेन्सची. पण ‘खटला’ हा शब्द जाड अक्षरात छापलेला.

त्या चौदांपैकी नऊ दिवस मुलीने घरी चकार शब्द काढला नाही. आईवडिलांना काय वाटेल, कर्ज काढून शिकायला पाठविले आणि पोर तिकिटावाचून फिरते असे तर ते म्हणणार नाहीत ना, या विचारात तिने जेवणही सोडले होते, हे आम्हांस मागाहून कळले. दरम्यान सल्ला देणारे सर्व बाजूंनी हजर झाले. एक मैत्रीण म्हणाली, उत्तरच देऊ नकोस, ते विसरून जातात. दुसऱ्याने शेकडो पौंड फी घेणाऱ्या वकिलाचा पत्ता दिला. तिसऱ्याने ‘कार्डाचे नूतनीकरण केले होते, पण फोनमध्ये दिसले नाही असे लिही’ ही युक्ती सुचविली. दहाव्या दिवशी रात्री तिने मला फोन केला. “काका, माझा व्हिसा जाईल का हो?” एवढेच ती प्रथम बोलली.

मी आयुष्यभर येथल्या जिल्हा न्यायालयात वकिली केली. इंग्लंडमधील न्यायालयाची पायरी मी पाहिलेली नाही. म्हणून तिला पहिली गोष्ट ही सांगितली की विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे विनामूल्य सल्ला केंद्र असते, तेथे सकाळी उठून जा. ती गेली. तेथील सल्लागाराने जे समजावून दिले आणि मी जे कायद्याच्या मूळ शब्दांत वाचले, ते थोडक्यात असे. तेथे रेल्वे कंपनी स्वतःच फिर्यादी होऊन फौजदारी न्यायालयात जाऊ शकते; पोलिसांची मध्यस्थी लागत नाही. तिच्या हाती दोन शस्त्रे असतात. पहिले आहे १८८९ चा रेल्वे नियमन कायदा, म्हणजे आपल्याकडे श्रीमंत सयाजीराव महाराज राज्य करीत होते त्या काळचा. त्याच्या पाचव्या कलमान्वये, भाडे न भरता आणि ते चुकविण्याच्या हेतूने प्रवास करणे हा गुन्हा आहे. त्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरे शस्त्र म्हणजे रेल्वेच्या उपविधींपैकी अठरावा. त्यात हेतूचा प्रश्नच नाही. वैध तिकिटावाचून गाडीत चढलात एवढे सिद्ध झाले की पुरे. त्यासही दंडाची कमाल मर्यादा हजार पौंडांचीच, मात्र कैद नाही.

आपल्याकडील १९८९ च्या रेल्वे कायद्यातही हाच भेद आहे. १३७ वे कलम फसवणुकीच्या हेतूने प्रवास करणाऱ्यास शिक्षा सांगते; १३८ वे कलम योग्य तिकीट नसणाऱ्याकडून भाडे व जादा आकार वसूल करते. गाडीतला टी.सी. पावती फाडून पैसे घेतो आणि विषय संपतो, तो या दुसऱ्या कलमामुळे. इंग्लंडमध्येही पावती फाडण्यासारखी दंडभाड्याची व्यवस्था आहे. २०२३ च्या जानेवारीपासून तेथे शंभर पौंड अधिक एकेरी भाडे, आणि एकवीस दिवसांत भरल्यास त्या शंभराचे पन्नास, असा दर आहे. परंतु तपासनीस तो मार्ग न घेता प्रकरण वरिष्ठ कचेरीकडे पाठवू शकतो, आणि मग जाड अक्षरांतले पत्र येते.

तेव्हा सारा प्रश्न एका शब्दावर येऊन ठेपला: हेतू. माझा भाऊ बापाच्या काळजीने म्हणाला, “दादा, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. ते फोनचे कारण लिहून टाकायला काय हरकत आहे? कोण तपासायला बसले आहे?” त्याचा राग येण्याजोगे काही नव्हते, संकटात सापडलेल्या लेकराला जे हाताशी येईल त्याने झाकावे ही आईबापांची प्रकृतीच आहे. पण मी त्याला म्हणालो, “अरे, आज तिच्याजवळ चूक आहे, हेतू नाही. खोटे कारण लिहिले की हेतू आपण आपल्या हाताने तयार करून देतो.” कार्ड कोणत्या तारखेला संपले, नवे कोणत्या तारखेला घेतले, हे संगणकात मिनिटासह नोंदलेले असते. शिवाय गाडीत तपासनिसाला तिने जे सांगितले ते त्याच्या टिपणात आहे. पत्रात निराळे लिहिले तर दोन्ही कागद एकमेकांविरुद्ध साक्ष देऊ लागतील, आणि चार दिवसांच्या विस्मृतीचे रूपांतर विचारपूर्वक केलेल्या फसवणुकीत होईल. कोर्टात मी अनेक पक्षकार पाहिले, जे मूळ आरोपातून सहज सुटले असते, पण बचावासाठी रचलेल्या गोष्टीत अडकले.

मौन पाळण्याचा सल्लाही तितकाच घातक होता. उत्तर न देणाऱ्याच्या बाजूने बोलायला कागदावर काहीच उरत नाही, आणि प्रकरण तसेच न्यायालयात जाऊ शकते.

मग दोन रात्री फोनवर बसून आम्ही उत्तर तयार केले. ती लिही, मी कापी. तिच्या पहिल्या मसुद्यात गाड्या नेहमी उशिरा येतात, तपासनीस उर्मटपणे बोलला, सवलतीचे नियम कोणालाच कळत नाहीत, अशी दीड पान तक्रार होती. त्यातील बरेचसे खरेही असेल. पण ज्याच्याकडे क्षमा मागावयाची त्याच्याच दोषांची यादी त्याच्यापुढे ठेवून साधते काय? शेवटी चार परिच्छेद उरले. पहिल्यात तारीख, गाडी, तिकीट आणि जे घडले ते. दुसऱ्यात ते कसे घडले: कार्डाची मुदत संपल्याचे लक्षात आले नाही, त्याच संध्याकाळी नवे घेतले, आणि मागील वर्षभर प्रत्येक प्रवासाचे तिकीट काढल्याच्या नोंदी सोबत आहेत. तिसऱ्यात दिलगिरी आणि भाड्याची बाकी व कंपनीस झालेला वाजवी खर्च भरण्याची तयारी. चौथ्यात, दोषी ठरल्यास शिक्षणावर व पुढील नोकरीवर काय परिणाम होईल ते सांगून, प्रकरण न्यायालयाबाहेर मिटविण्याची विनंती. ‘भाडे कमी भरले गेले’ हे आम्ही स्पष्ट लिहिले. ‘चुकविण्याचा हेतू होता’ असा अर्थ निघेल असा एकही शब्द येऊ दिला नाही, कारण तो हेतू नव्हताच. खरे बोलणे म्हणजे समोरच्याने केलेला प्रत्येक आरोप मान्य करणे नव्हे, हेही मुलांना शिकवावे लागते.

उत्तर मुदतीच्या आदल्या दिवशी गेले. पाच आठवडे वाट पाहिल्यावर कंपनीने कळविले की बाकी भाडे आणि प्रशासकीय खर्च मिळून शंभराच्या आसपास पौंड भरल्यास खटला भरला जाणार नाही. भावाने तत्काळ पैसे पाठविले. घरात पेढे वाटावे इतका आनंद झाला, आणि तो स्वाभाविकच होता.

मला मात्र त्या आनंदात एक गोष्ट टोचत राहिली. आमच्या मुलीजवळ पैसे पाठविणारा बाप होता, इंग्रजी मसुदा तपासणारा काका होता, विद्यापीठाचे सल्ला केंद्र होते. हीच चूक पहाटे कामावर निघालेल्या एखाद्या सफाई कामगार स्त्रीची असती, इंग्रजी तिला धड वाचता येत नसते आणि शंभर पौंड म्हणजे तिच्या आठवड्याचा किराणा असता, तर? ज्याला पैसे भरता येतात त्याची चूक मिटते, आणि ज्याला येत नाहीत त्याची तीच चूक गुन्हा होऊन बसते. हेतू दोघांचाही एकच, म्हणजे काहीच नाही.

ही शंका केवळ माझ्या मनाची नव्हे. इंग्लंडमध्ये २०१५ च्या एका कायद्याने किरकोळ गुन्ह्यांसाठी अशी पद्धत आणली की एकच दंडाधिकारी, न्यायालयीन सल्लागाराच्या साहाय्याने, खुल्या सुनावणीवाचून केवळ कागद पाहून निकाल देतो. २०१६ मध्ये रेल्वे कंपन्यांना उपविधींच्या प्रकरणांपुरती ती वापरण्याची मुभा मिळाली. त्यांनी ती १८८९ च्या कायद्याच्या खटल्यांसाठीही वापरली, जिचा त्यांना अधिकार नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर दंडाधिकारी न्यायालयात मुख्य दंडाधिकाऱ्यांनी असे सुमारे ७४,००० खटले मुळातच रद्दबातल असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत एका तरुणाचे प्रकरण गाजले. त्याचे सवलत-कार्ड वैध होते. पण सकाळी दहापूर्वी बारा पौंडांहून कमी भाड्यास ते चालत नाही या अटीकडे त्याचे लक्ष गेले नाही, आणि १ पौंड ९० पेन्ससाठी त्याला खटल्याची धमकी मिळाली. बोभाटा झाल्यावर कंपनीने माघार घेतली. सरकारने रेल्वे नियामकाकडून या साऱ्या व्यवहाराची तपासणी करविली. जून २०२५ मध्ये आलेल्या अहवालाने निरनिराळ्या कंपन्यांच्या वागणुकीतील विसंगती दाखवून प्रवाशांना न्याय्य वागणूक देण्याची शिफारस केली.

यातील विनोद, त्याला विनोद म्हणावयाचे असल्यास, ध्यानात घेण्याजोगा आहे. कंपन्यांकडून जे घडले तेही नियम नीट न वाचल्यामुळेच घडले. परंतु त्यांच्या बाबतीत दिलगिरी व्यक्त करणे आणि घेतलेले पैसे परत करणे पुरेसे मानले गेले. मला ते अयोग्य वाटत नाही. हीच उदारता प्रवाशाच्या वाट्यास यावी, एवढीच अपेक्षा आहे.

रेल्वेची बाजू मी डोळ्यांआड करीत नाही. तेथे भाडे चुकविण्यामुळे वर्षाकाठी ३५ ते ४० कोटी पौंडांचे नुकसान होते असा अंदाज सांगितला जातो, आणि ते भरून निघते प्रामाणिक प्रवाशाच्या खिशातून. फुकट्यांना धाक हवाच. आपल्याकडेही ‘टी.सी.ला कसा गुंगारा दिला’ हे पंगतीत अभिमानाने सांगणारे महाभाग मी पाहिले आहेत; त्यांच्यासाठी कायद्याने मवाळ व्हावे असे मी म्हणणार नाही. पण चोराला पकडण्यासाठी टाकलेल्या जाळ्यात विसराळू माणूस सापडला, तर त्याला ओळखून बाजूला काढणे हे जाळे टाकणाराचेच कर्तव्य आहे. ते त्याला करता यावे यासाठी सापडलेल्याने स्पष्ट, वेळेवर आणि खरे बोलावे लागते.

ज्यांची मुले परदेशी आहेत अशा वाचकांस एकच सांगणे आहे. त्यांना कार्डांच्या तारखा लिहून ठेवावयास सांगावे, हे तर झालेच. त्याहूनही आधी त्यांना हा विश्वास द्यावा की असे पत्र आल्यास पहिला फोन घरी करावा आणि घरी पहिला प्रश्न ‘असे केलेसच का?’ हा नसेल. आमच्या मुलीला कायद्याने जेवढे घाबरविले त्याहून अधिक आमच्या संभाव्य रागाने घाबरविले होते. चौदापैकी नऊ दिवस त्या भीतीतच गेले.