वाऱ्याची वाटणी

मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास घुटमळतो. सत्तरच्या दशकात तिथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहणाऱ्या एका फिटरच्या घरी या उन्हाळ्यावर तीन उपाय होते. दाराला वाळ्याचा पडदा, संध्याकाळी अंगणात शिंपडलेलं पाणी आणि एक टेबल फॅन. फॅन नानांनी हप्त्यावर घेतला होता. पाया बिडाचा, त्यामुळे पोरांना तो उचलता यायचा नाही आणि तेच बरं होतं. रात्री खिडकीतून वायर बाहेर काढून तो स्टुलावर ठेवला जाई आणि त्याच्यासमोर ओळीने बाजा पडत. एका टोकाला आजी, दुसऱ्या टोकाला नाना, कारण लोको शेडमधली पाळी करून आलेल्या माणसाला झोप लागली पाहिजे. मुलं मध्ये. आई जिथे जागा उरेल तिथे.

या लेखातला मुलगा बरोबर मधोमध झोपायचा आणि त्याची तक्रार ठरलेली असायची. वारा आला आला म्हणेपर्यंत निघून जातो. आजीपाशी गेला की मात्र तो रेंगाळतो, मान वळवायला वेळ लावतो, आणि मग परतीच्या वाटेवर पुन्हा भर्रकन पुढे. आजीचं उत्तरही ठरलेलं असे. "अरे, तुझ्यापाशी तो जाताना येतो आणि येतानाही येतो. माझ्याकडे एकदाच." या भांडणात हार-जीत झाली नाही. नाना ओरडत, मग सगळे झोपत.

खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. पण ते त्याला कळायला जळगावचं शासकीय तंत्रनिकेतन उजाडावं लागलं.

तिथे 'थिअरी ऑफ मशीन्स' नावाचा विषय होता. पोरं त्याला घाबरत, कारण त्यात फळ्यावर काढलेल्या चार काठ्या कायम कुठल्या ना कुठल्या खिळ्याभोवती फिरत असत. चार दांडे, चार सांधे. त्यातला एक दांडा घट्ट धरला तर बाकीचे तीन कसे हलतील, एवढाच प्रश्न. फ्रान्झ ग्रासहोफ या जर्मन अभियंत्याच्या नावाने एक नियम आहे. सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब दांड्यांची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी असेल, तर सर्वांत आखूड दांडा पूर्ण वर्तुळ फिरू शकतो. मात्र त्या आखूड दांड्याच्या समोरचा दांडा पक्का धरला तर गंमत होते. आखूड दांडा गोल फिरतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दांडे नुसते डोलतात. सरांनी उदाहरण दिलं ते टेबल फॅनचं. मागच्या बाकावरच्या भुसावळच्या मुलाने त्या दिवशी पहिल्यांदा वहीत मन लावून आकृती काढली.

अशा पंख्याची मान हलवायला वेगळी मोटार नसते, ही त्यातली मुख्य गोष्ट. पात्यांना फिरवणारा जो दांडा, म्हणजे शाफ्ट, त्याचं मागचं टोक मोटारीच्या पाठीमागे निघतं आणि त्यावर स्क्रूसारखे आटे कापलेले असतात. याला कारागीर वर्म म्हणतात. वर्मचा एक फेरा झाला की त्याला भिडलेलं दातेरी चाक फक्त एका दात्याने पुढे सरकतं. आपल्याकडची वीज 50 सायकलची, पंख्याची मोटार बहुधा चार पोलची, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राचा वेग मिनिटाला 1500 फेरे आणि पाती त्याहून थोडी मागे, तेराशे-साडेतेराशेच्या घरात. चाकाला 30 दाते धरले तर 1350 चे 45 झाले. पुढच्या गिअरच्या जोडीत आणखी आठपट कपात धरली की मिनिटाला साडेपाचच्या आसपास फेरे उरतात. पात्यांच्या मागे एवढ्याशा डबीत, ग्रीसमध्ये बुडून, हा सगळा वेगाचा उपसा चाललेला असतो.

हा मंदावलेला फेरा एका उभ्या खुंटीवाटे खाली उतरतो. खुंटीच्या तळाला एक छोटी क्रँक, म्हणजे केंद्रापासून जरा बाजूला बसवलेली पिन. पिनेला एक पट्टी जोडलेली आणि पट्टीचं दुसरं टोक पंख्याच्या खांबावर, न हलणाऱ्या जागी. आता पिन गोल फिरू पाहते, पण पट्टी लांबत नाही, आखडत नाही आणि तिचं दुसरं टोक जागचं हलत नाही. मग हलायचं कोणी? मोटारीनेच. सगळं डोकं, पाती आणि जाळीसकट, उजवीकडून डावीकडे ढकललं जातं. मोटार स्वतःच स्वतःला हलवते. खांब हा पक्का धरलेला दांडा, मोटारीचं शरीर हा एक डोलणारा, पट्टी हा दुसरा डोलणारा, आणि इवलीशी क्रँक हा आखूड, गोल फिरणारा. ग्रासहोफचे चार दांडे असे स्टुलावर बसलेले होते.

नानांना हे सांगितलं तेव्हा ते फारसे चकित झाले नाहीत. वाफेच्या इंजिनात आयुष्य गेलेला माणूस. तिथे पिस्टन पुढे-मागे होतो आणि कनेक्टिंग रॉडवाटे चाक गोल फिरतं. "तुझा पंखा उलटं करतो, एवढंच," ते म्हणाले. एवढंच, हे खरं होतं.

आता आजी आणि नातवाचं भांडण. क्रँक एकसारख्या वेगाने फिरते, पण तिच्यामुळे हलणारं डोकं एकसारखं हलत नाही. मध्ये असताना ते सर्वांत वेगात असतं आणि टोकाला पोचता पोचता मंदावतं, क्षणभर थांबतं, मग उलटं फिरतं. अशा हेलकाव्याचं गणित साधं आहे. पंखा जेवढा कोन व्यापतो त्याचे चार समान भाग केले, तर मधल्या दोन भागांना मिळून एकतृतीयांश वेळ मिळतो आणि टोकाच्या एकेका भागाला तेवढाच. पट्ट्यांच्या लांबीनुसार थोडं उणं-अधिक होईल, पण हिशोब साधारण असाच. म्हणजे मधोमध झोपलेल्याला वारा दोनदा मिळतो, पण दोन्ही वेळा ओझरता. टोकाच्याला एकदाच, पण भरपूर. वाटणी मुळातच टोकाच्या बाजूने झुकलेली. क्वार्टरच्या अंगणात मानाच्या जागा टोकाला होत्या, त्या भूमितीचं पुस्तक न वाचता बरोबर निवडल्या गेल्या होत्या.

पंखा पहिल्यापासून असा मान हलवणारा नव्हता. अमेरिकेत स्कायलर व्हीलरने 1882 च्या सुमारास विजेवर चालणारा दोन पात्यांचा पंखा टेबलावर ठेवला, तेव्हा त्याला जाळीसुद्धा नव्हती आणि तो ज्याच्याकडे तोंड करी त्याच्यापुरताच होता. त्याच काळात सिंगर या शिवणयंत्रांच्या कंपनीसाठी काम करणाऱ्या फिलिप डील याने शिवणयंत्राची मोटार छताला टांगून तिला पाती लावली. छताच्या पंख्याच्या सुरुवातीच्या गोष्टीत हे शिवणयंत्र असं मध्येच येतं. 1888 मध्ये निकोला टेस्लाच्या इंडक्शन मोटारीला पेटंट मिळालं आणि ब्रश, ठिणग्या यांतून पंख्याची सुटका होण्याचा रस्ता मोकळा झाला. मान हलवण्याचा प्रश्न विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुटला, पण लगेच गिअरने नाही. काही पंख्यांच्या जाळीपुढे एक फळी बसवलेली असे. पंख्याचा स्वतःचाच वारा त्या तिरप्या फळीवर आदळून सगळं डोकं एका बाजूला ढकलायचा. टोकाला पोचलं की फळी पलटी खायची आणि डोकं परत फिरायचं. कल्पना मोठी सुरेख, पण समोर बसणाऱ्याच्या वाट्याचा थोडा वारा ती फळीच खाऊन टाकायची. पुढे वर्म आणि गिअरची डबी आली, आणि शंभराहून जास्त वर्षं झाली तरी बहुतेक पंख्यांत रचना मूळची तीच आहे. प्लॅस्टिक आलं, पाती बदलली, बटणं बदलली. आतली क्रँक आणि पट्टी कोणी हलवली नाही.

शिवणयंत्राचा धागा आपल्याकडेही आहे. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने शिवणयंत्रं बनवली आणि पंखेही, दोन्ही 'उषा' याच नावाने. भुसावळच्या घरात आईचं शिवणयंत्र होतं आणि त्याच्या तेलाची कुपी वर्षातून एकदा पंख्याच्या मागच्या भोकाकडे वळायची. शाफ्ट ज्या बुशमध्ये फिरतो त्याभोवती फेल्ट असते, ती तेल धरून ठेवते. दोन थेंब पुरतात. आई चार घालायची आणि मग आठवडाभर वाऱ्याला तेलाचा वास यायचा.

नोकरीच्या निमित्ताने तो डोंबिवलीत आला तेव्हा पंख्याचं वेगळंच रूप समोर आलं. पंखा हवा थंड करत नाही, उलट मोटार जेवढी वीज खाते ती शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवला तर खोली थोडी तापतेच. माणसाला गार वाटतं ते घाम सुकतो म्हणून. भुसावळच्या कोरड्या उन्हात घाम दिसायच्या आत उडतो, पण दुपारची हवा त्वचेच्या, म्हणजे सुमारे 35 अंशांच्या, बरीच वर गेलेली असते. त्यामुळे वारा एकीकडे घाम सुकवतो आणि दुसरीकडे अंगाला भाजतो, आणि ज्यांना घाम कमी येतो अशा म्हाताऱ्या माणसांना तर त्रासच होतो. वाळ्याचा ओला पडदा त्यासाठी होता. डोंबिवलीत तापमान खाली, पण हवा दमट, घाम सुकायलाच तयार नाही. तिथे वारा सतत अंगावर हवा. वन रूम किचनमध्ये नवरा-बायको, बाळ आणि बाळंतपणाला आलेली सासू अशी पुन्हा ओळ लागली आणि पंखा पुन्हा मान हलवू लागला. बाळावर थेट वारा नको म्हणून सासूबाईंनी त्याचं तोंड भिंतीकडे केलं. आता वारा भिंतीवर आपटून यायचा, सगळ्यांना सारखा आणि सगळ्यांना कमी.

त्या पंख्याचा आधी कंडेन्सर गेला. घरगुती वीज एका फेजची, तिच्याने नुसतं धडधडणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, फिरणारं नाही. दुसऱ्या वेटोळ्यात कंडेन्सर घालून प्रवाहाची वेळ बदलली की क्षेत्र फिरू लागतं. कंडेन्सर पार गेला की पंखा घुमतो पण उठत नाही, आणि जाळीतून काडीने ढकलला तर ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला फिरतो. उलटा ढकलला तर वारा मागे. नंतर डोकं कट् कट् करू लागलं. वायंडिंगवाल्याने डबी उघडली. काळं पडून सुकलेलं ग्रीस आणि झिजलेल्या दात्यांचं नायलॉनचं चाक. पूर्वी हे चाक पितळेचं असे, आता प्लॅस्टिकचं, म्हणजे कंपन्यांनी माल हलका केला, अशी ग्राहकांची तक्रार असते. ती अर्धीच खरी आहे. नायलॉनचं चाक कमी आवाज करतं, ग्रीस कमी मागतं आणि काही अडकलं तर शाफ्टऐवजी स्वतः झिजतं. अपघातात मरायचं काम त्याच्याकडे दिलेलं आहे. शिवाय वरच्या नॉबखाली स्प्रिंगवर दाबलेले छर्रे असतात. डोकं पडद्यात वा पलंगाच्या काठाला अडलं तर ते खाचेतून निसटतात आणि गिअर वाचतो. कट् कट् असा आवाज निसटत्या छर्ऱ्यांचाही असू शकतो, झिजलेल्या दात्यांचाही. चांगला कारागीर तो ऐकून ओळखतो.

नाना शेवटच्या वर्षी भुसावळला अंथरुणावर होते. पंखा त्यांच्याकडे तोंड करून, नॉब वर ओढून स्थिर ठेवलेला. नॉब वर ओढला की मोटार आणि खुंटीचा संबंध तुटतो, मान थांबते. सगळा वारा त्यांना. एका दुपारी त्यांनी हाताने खूण केली. मुलाला आधी वाटलं, बंद कर म्हणतायत. नाना म्हणाले, "फिरू दे. तुम्हीही बसलाय ना." त्याने नॉब दाबला.

आता घरात रिमोटवर चालणारा पंखा आहे. बीएलडीसी मोटारीचा, निम्म्याहून कमी वीज खाणारा. त्याची मान हलवायला वेगळी छोटी सिंक्रोनस मोटार आहे, त्यामुळे अंथरुणातून न उठता मान थांबवता येते. सोय मोठी आहे आणि विजेची बचतही खरी आहे. तरी रचना म्हणून पाहिलं तर जुनी सरस. एकाच मोटारीवर वारा आणि त्याची वाटणी दोन्ही होत, आणि पंखा एक नंबरवर ठेवला की पात्यांबरोबर मानही आपोआप संथ होई, पहाटेच्या वेळी हवी तशी. नव्यात पाती हळू केली तरी मान आपल्या ठरलेल्या वेगाने मागे-पुढे करत राहते.

माळ्यावर असा मान अडकलेला जुना पंखा असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून पाहा. वरचा नॉब काढा, मागचं झाकण सोडवा, डबीतलं जुनं ग्रीस कापडाने पुसून नवीन भरा, दाते झिजले असतील तर गिअर बदला, बुशला दोन थेंब शिवणयंत्राचं तेल द्या. पंखा दुरुस्त करणाऱ्या दुकानांत जुन्या मॉडेलचे गिअर बऱ्याचदा मिळतात, नमुना बरोबर न्या. आणि हे सगळं करण्याआधी प्लग काढून ठेवा.