वरचा एक्का

पोराला वर चढवताना कमरेत धरून उचलायचं नाही. आपला तळहात त्याच्या तळपायाखाली द्यायचा आणि थांबायचं. तो स्वतःच्या मांडीच्या जोरावर वर जातो, आपला हात फक्त पायरी होतो. उचलून ठेवलेलं पोर वर जाऊन लटपटतं. स्वतः चढलेल्याला उतरताही येतं. हे मला लालबागच्या आमच्या चाळीतल्या नानांनी शिकवलं. नाना गिरणीत साच्यावर होते. 1982 च्या संपात गिरणी सुटली, पण गुरुपौर्णिमेला मैदानात नारळ फोडून दहीहंडीचा सराव सुरू करायचा त्यांचा नेम सुटला नाही.

मी 1986 साली तेराव्या वर्षी चौथ्या थरावर उभा राहिलो. मग वजन वाढलं तसा खाली खाली येत गेलो, आणि गेली वीसेक वर्षं पायात, म्हणजे सगळ्यात खालच्या थरात आहे. पायातल्या माणसाला वरचं काही दिसत नाही. मान खाली, डोकी आत, दंडात दंड अडकवलेले, समोर शेजाऱ्याची ओली छाती. वरचे थर आधी बसलेले असतात, मग खालून एकेक थर उठतो, आणि प्रत्येक थर उठताना खांद्यावरचं वजन क्षणभर दुप्पट झाल्यासारखं वाटतं. वरचा पोरगा कसा आहे हे आम्हाला खांद्यातून कळतं. तो घाबरला की थरथर आठ माणसांमधून आमच्यापर्यंत उतरते.

तशी थरथर मला 2008 साली कळली, आणि मी ओरडेपर्यंत उशीर झाला होता. आठ थर लागले होते. सलामी झाली होती. उतरायचं होतं, पण व्यासपीठावरून माइकवर सांगितलं गेलं, अजून थोडा वेळ थांबा, कॅमेरे येताहेत. आम्ही थांबलो. आमच्या वरच्या एक्क्याचं, म्हणजे टोकावर एकट्याने उभ्या असलेल्या पोराचं वय होतं नऊ वर्षं. त्याला तळहाताची पायरी मीच शिकवली होती, आणि त्याच्या आईला ‘वहिनी, तो माझ्या जबाबदारीवर’ हे मीच सांगितलं होतं. तिसऱ्या थरातला एक गुडघा वाकला. पोरगा माणसांवर आदळत आला म्हणून वाचला. डाव्या मनगटाची दोन हाडं मोडली. दवाखान्यात वहिनी मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून दहीहंडीवर बंदी घालावी का, असं दर श्रावणात कोणी विचारलं की मला पटकन ‘नाही’ म्हणता येत नाही.

ऑगस्ट 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, थर 20 फुटांच्या वर नकोत आणि 18 वर्षांखालचं कोणी नको. सर्वोच्च न्यायालयात तो आदेश आधी थांबला आणि 2016 मध्ये पुन्हा लागू झाला. त्या वर्षी दादरला काही गोविंदांनी रस्त्यावर आडवं झोपून थर लावले आणि निषेध केला. आमचं पथकही चिडलं होतं, मीही चिडलो होतो. मग 2017 मध्ये उच्च न्यायालयाने उंचीवर बंधन घालायला नकार दिला आणि सरकारने दिलेली 14 वर्षांखालील मुलं न घेण्याची हमी मान्य केली. म्हणजे तीन वर्षांच्या भांडणातून फुटांची मर्यादा गेली आणि वयाचीही 18 वरून 14 वर आली. सगळ्यांनी, आम्ही गोविंदांनीसुद्धा, उंचीसाठी जीव काढला. वय आमच्यातल्या कुणी लावून धरलं नाही.

पण थर लावणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, उंची कोण ठरवतं? खालचे दांडगे नाही ठरवत. वरचा ठरवतो. नऊ थरांत चार एक्के लावले, म्हणजे वरचे चार थर एकेका माणसाचे, की सहाव्या थरातल्या माणसाच्या खांद्यावर तिघं उभे असतात. टोकाला 25 किलोचं पोर, त्याखाली 38 चं, त्याखाली 47 चं धरलं तर 110 किलो झाले. हा भार चांगला तयारीचा माणूस काही क्षण पेलतो. टोकाला 50 किलोचा जवान चढवा. मग त्याखालचाही 50 चा लागतो, त्याखालचा 55 चा. 155 किलो एकट्या माणसाच्या दोन खांद्यांवर उभे राहत नाहीत. तिथे एक्का मोडतो, दोघं लावावे लागतात, पाया रुंदावतो, थर कमी होतात. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने 2012 साली ठाण्यात 43.79 फुटांचा विश्वविक्रम केला. पुढे मुंबई-ठाण्यातली पथकं दहा थरांवर पोचली. त्या कसबाला मी मनापासून हात जोडतो. पण 18 वर्षांची अट खरोखर पाळली तर मोजपट्टी न लावताच उंची खाली येते. 14 च्या अटीने तसं होत नाही, कारण 14 वर्षांची बारकी पोरं पुष्कळ असतात, आणि 11 वर्षांचं पोर कागदावर 14 चं करणं कुणालाच जड जात नाही.

नुसते 20 फूट मोजूनही पोर वाचत नाही. 40 फुटांवरून मोकळं पडणारं माणूस जमिनीवर येतं तेव्हा त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे असतो. 20 फुटांवरून ताशी चाळीसच्या जवळ. नऊ वर्षांच्या डोक्याला दोन्ही सारखेच.

राहिली मोठ्या माणसांची गोष्ट. तिथे सरकारने बंदी घालू नये असं मला वाटतं. बैलगाडा शर्यतींवर 2014 पासून बंदी होती, त्या काळात त्या थांबल्या नाहीत, माळावर चोरून पहाटे होत राहिल्या. दहीहंडीचंही तसंच होईल, आणि चोरून लागलेल्या थराखाली ना मॅट असेल, ना वरून दोर, ना बाजूला रुग्णवाहिका. तीस वर्षांचा माणूस स्वतःच्या हाडांची जोखीम समजून घेतो, बायकोला सांगून येतो, नको वाटलं तर एखाद्या वर्षी येत नाही. नऊ वर्षांचं पोर फक्त शाबासकी ऐकतं. त्याला ‘नाही’ म्हणायचं असतं हेच माहीत नसतं.

2022 पासून गोविंदांना विम्याचं कवच आहे, मृत्यू झाला तर कुटुंबाला 10 लाख. चांगलंच आहे. पण हे पैसे पडल्यानंतरचे. मला पडण्याआधीचा कायदा हवा आहे. वय 18, आणि ते तपासायची जबाबदारी पथकाइतकीच हंडी बांधणाऱ्यावर. थर लागल्यावर माइकवरून कोणी थांबवायचं नाही. दिवसभर दहा-बारा हंड्या करत फिरणाऱ्या पथकाला पावसात, उपाशी, रात्री दहाला आठ थर लावायला लावणारी बक्षिसं नकोत. आमच्यातले बरेचसे अपघात संध्याकाळनंतरचे असतात, हे कुठलाही जुना गोविंदा सांगेल.

स्पेनमध्ये कॅटलोनियात असेच मनोरे रचतात. 2010 साली युनेस्कोने ती परंपरा मानवी वारशात घेतली. तिथेही टोकाला पोरंच असतात. ते मला पटत नाही, पण ती हेल्मेट घालतात. एक गोष्ट मात्र मी तिथून उचलली. त्यांच्याकडे मनोरा नीट उतरवला तरच पूर्ण मानतात. चढून कोसळला तर तो वेगळा, कमी प्रतीचा धरतात. आमच्याकडे हंडी फुटली की ढोल वाजतात आणि वरचा अजून 30 फुटांवर असतो. आता आमच्या पथकात शेवटचा पाय जमिनीला लागेपर्यंत कोणी टाळी वाजवत नाही. नवी पोरं सुरुवातीला विसरतात. महिनाभर सराव झाला की तेच दुसऱ्यांना गप्प करतात.

आम्ही आता सहा थर लावतो. आमचा एक्का एकोणीस वर्षांचा आहे, 46 किलोचा. सहा थरांना मोठी बक्षिसं मिळत नाहीत. काही जण दुसऱ्या पथकात गेले, त्यांच्यावर माझा राग नाही.

2008 चं ते पोर तीन वर्षांपूर्वी गुरुपौर्णिमेला मैदानात आलं. उंच, खांद्याने रुंद झालेलं. म्हणालं, ‘काका, पायात घ्याल?’ मी वहिनींना फोन केला. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, त्याचं वय झालंय आता, त्याला विचारा. त्याचं डावं मनगट पूर्ण वळत नाही, त्या हाताची पकड नीट बसत नाही. म्हणून मी त्याला माझ्या उजवीकडे उभा करतो. त्याचा डावा हात माझ्या काखेखालून जातो, आणि त्या बाजूची पकड मी धरतो.